स्वतःच्या नावावरचा ब्लॉग: प्रॉपर्टी एजंटांसाठी, अगदी पहिल्या पायरीपासून

गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवण्याआधी आपण मालकाकडून इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) मागतो, सर्च रिपोर्ट काढायला लावतो, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघतो. आणि आपली स्वतःची वेबसाइट कुणाच्या नावावर आहे असं कुणी विचारलं, तर डोकं खाजवतो. २०१९ पर्यंत मीही खाजवत होतो.

ओळखीतल्या एका मुलानं मला साइट करून दिली होती. काम चोख, पैसे वाजवी, तक्रारीला जागा नव्हती. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी बंगळूरला गेला, त्याचा नंबर बदलला, आणि एका सकाळी माझी साइट उघडेना. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना त्याला जात होत्या आणि त्याच्या लेखी ते काम केव्हाच संपलं होतं. काही महिन्यांनी ते नाव भलत्याच कुणीतरी उचललं आणि तिथं सट्ट्याची साइट उभी राहिली. माझ्याकडे तोच पत्ता छापलेली पाचशे व्हिजिटिंग कार्डं नुकतीच आलेली. ती अजून आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर ब्रोकरेजचे हिशेब मांडायला बरी पडतात.

त्यानंतर डोमेनपासून बॅकअपपर्यंत सगळं स्वतः करायला शिकलो. मी इंजिनीअर नाही. पुण्यात कर्वेनगर-वारजे पट्ट्यात रीसेल आणि भाड्याची कामं करतो. त्यामुळं खाली लिहिलंय ते मला जमलं, म्हणजे तुम्हालाही जमेल. महाराष्ट्रातल्या एजंटाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण नियम राज्याराज्यांत बदलतात.

आधी एक प्रश्न: तुम्हाला हे खरंच हवंय का?

स्वतः चालवायचा ब्लॉग म्हणजे वर्डप्रेससारखं मोफत सॉफ्टवेअर आपण भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर बसवायचं आणि त्याची निगा आपणच राखायची. वर्डप्रेस २००३ पासून आहे, कुणाही एका होस्टिंग कंपनीशी (सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या) ते बांधलेलं नाही, आणि उद्या होस्टिंग बदललं तरी सगळा संसार उचलून दुसरीकडे नेता येतो. मोठ्या पोर्टलवर पैसे भरून टाकलेली जाहिरात पॅकेज संपलं की जाते. तीन वर्षांपूर्वी लिहिलेला चांगला लेख मात्र आजही रात्री अकरा वाजता कुणीतरी वाचत असतो.

पण तुमचं काम दोन-तीन सोसायट्यांपुरतं असेल, महिन्याला चार भाडेकरार आणि तेही ओळखीतून, तर हे लोढणं गळ्यात घेऊ नका. गूगलवर दुकानाची नोंद करा, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नीट भरा, पुरे आहे. ब्लॉग आठवड्याला दोन-तीन तास मागतो. लिहायची मुळीच आवड नसेल तर तो सहा महिन्यांत ओस पडतो, आणि ओस पडलेल्या साइटवर २०२१ ची दिवाळीची शुभेच्छा वर झळकत असेल तर गिऱ्हाईक समजतं की धंदाही बंद झाला.

सोबत काय लागेल

– पॅन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा (डॉट इन डोमेनसाठी ओळख पडताळणी मागतात)
– महारेराचं (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं) एजंट नोंदणी प्रमाणपत्र, क्रमांकासह
– फक्त या कामासाठी एक नवा जीमेल पत्ता, आणि बंद होणार नाही असा मोबाइल नंबर
– लॅपटॉप, नुसत्या फोनवर हे करायला जाऊ नका
– पासवर्ड जपून ठेवणारं एखादं अ‍ॅप आणि दुहेरी पडताळणीचे आकडे देणारं एक अ‍ॅप
– बॅकअपसाठी एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क
– तुमच्या भागातले, तुम्ही स्वतः काढलेले वीस-पंचवीस फोटो

१. डोमेन: याचा सातबारा तुमच्या नावावरच

नाव निवडताना फोनची परीक्षा घ्या. दहावीतल्या भाच्याला फोन करा, नाव एकदाच सांगा आणि ब्राउझरमध्ये टाइप करायला सांगा. ‘वास्तू’ म्हटल्यावर कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. ‘घरकुल’च्या शेवटी एक यू की दोन ओ? चुकीचं टाइप होणारं नाव म्हणजे दुसऱ्याच्या दारात पाठवलेलं गिऱ्हाईक. बिल्डरचं किंवा प्रकल्पाचं नाव डोमेनमध्ये घालण्याचा मोह फार होतो, पण ते त्यांचं ट्रेडमार्क असू शकतं आणि वकिलाची नोटीस यायला वेळ लागत नाही. एकाच उपनगराचं नावही नको. उद्या तुम्ही बावधनला काम सुरू केलंत तर काय करणार?

डॉट कॉम मिळालं तर ते घ्या, नाहीतर डॉट इन. मराठीतलं डॉट भारत हौसेनं घेता येतं, पण व्हिजिटिंग कार्डावर मुख्य पत्ता म्हणून ते नको. बऱ्याच जणांना तो कीबोर्डवर कसा टाइप करायचा हेच कळत नाही.

विकत घेताना मालकाच्या रकान्यात तुमचं नाव, तुमचा नंबर आणि तो नवा जीमेल घाला. त्याच डोमेनवरचा ईमेल तिथं कधीच देऊ नका. डोमेन लटकलं की तो ईमेलही लटकतो आणि मग सोडवायची किल्ली कुलुपाच्या आत राहते. स्वयंचलित नूतनीकरण चालू करा, तरीही तारीख कॅलेंडरमध्ये एक महिना आधी टाका, कारण कार्डाची मुदत संपली की ते नूतनीकरणही चुपचाप फसतं. मी एकदम पाच वर्षांचं घेतो.

डोमेन घेतल्यावर काही दिवस ‘सर, वेबसाइट बनवून देतो’ असे फोन येतील. त्यांचा त्रास नाही. त्रास खोट्या बिलांचा: ‘तुमचं डोमेन संपतंय, आजच भरा’ असा ईमेल येतो आणि तो भलत्याच कंपनीचा असतो. ईमेलमधल्या लिंकवरून पैसे भरायचे नाहीत. स्वतः खात्यात जाऊन तारीख बघायची.

कुणाकडून साइट करून घेत असाल तरी ही पायरी स्वतःच करा. करून देणाऱ्याला प्रवेश द्या, मालकी नको.

२. होस्टिंग

सुरुवातीला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे बऱ्याच साइटांमध्ये वाटलेला सर्व्हर, पुरतं. स्वतंत्र व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त आपल्यासाठीचा वेगळा भाग) घेतला की तुम्ही उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, फायरवॉल या सगळ्यांचे रखवालदार होता. शिकायची हौस असेल तर जरूर घ्या, पण शनिवार-रविवारी साइट व्हिजिट चालू असताना सर्व्हर बसला तर उठवणार कोण, हे आधी ठरवा. मी तीन वर्षांनी व्हीपीएसवर गेलो, एका वर्षानं परत शेअर्डवर आलो. कमीपणा वाटला नाही.

विचारायच्या गोष्टी थोड्याच: सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात आहे का, पीएचपी (वर्डप्रेस ज्यात लिहिलंय ती भाषा) आठच्या पुढचं आहे का, लेट्स एन्क्रिप्टचं मोफत एसएसएल, म्हणजे साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र, आपोआप नव्यानं लागतं का (ते थोड्याच मुदतीचं असतं), रोजचा बॅकअप आहे का आणि तो परत बसवायचे पैसे पडतात का. सर्वांत मोठा सापळा दराचा. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा भाव असतो. दुसऱ्या वेळी तोच प्लॅन दुप्पट-तिप्पट होतो. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात कुठंतरी लिहिलेला असतो, तो शोधा. आपण गिऱ्हाइकाला मेंटेनन्स आणि पार्किंगसकट पूर्ण किंमत सांगतो ना, तशीच ही काढायची.

डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडे ठेवू नका, असं माझं मत. एकाशी वाजलं तरी दुसरं हातात राहतं.

३. वर्डप्रेस बसवणं

होस्टिंगच्या पॅनेलवर एका क्लिकवर बसतं, त्यात फार काही नाही. बसवताना आणि बसल्याबरोबर एवढं बघा:

वापरकर्त्याचं नाव ‘अ‍ॅडमिन’ ठेवू नका. लॉगिन फोडायचा प्रयत्न करणारे बॉट पहिल्यांदा तेच नाव वापरून बघतात. साइटची वेळ कोलकाता करा, नाहीतर सकाळी नऊला ठरवलेला लेख दुपारी अडीचला निघतो. भाषा मराठी करा. आणि सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका’ अशा अर्थाची एक चौकट असते. साइट तयार होईपर्यंत लोक तिच्यावर खूण करतात आणि मग काढायची विसरतात. मी चार महिने गूगलला शिव्या दिल्या, खूण माझीच होती.

थीम, म्हणजे साइटचं रंगरूप, साधी घ्या. वर्डप्रेससोबत येणारी चालते. रिअल इस्टेटच्या महागड्या थीमच्या ‘फुकट’ प्रती टेलिग्रामवर फिरतात. त्यांत हॅकरसाठी मागचं दार ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. तुमच्या साइटवरून औषधांच्या जाहिराती निघायला लागल्या की कळतं. प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आठ-दहाच्या वर नको: बॅकअप, लॉगिनचं संरक्षण, एसएमटीपी (ईमेल पाठवायला), कॅश (पानं साठवून साइट वेगानं उघडायला), फॉर्म, एखादं एसईओचं (गूगलवर वर दिसायला). संपलं.

४. देवनागरीच्या खोड्या

हा भाग इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

लेखाला मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्याचाच पत्ता बनवतं. डोळ्यांना छान दिसतं. पण तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की एकेका अक्षराचे टक्के-चिन्हांसकट नऊ कॅरॅक्टर होतात. ‘वारजे’ एवढ्याशा शब्दात काना आणि मात्रा धरून पाच कॅरॅक्टर आहेत, त्यांचे पंचेचाळीस होतात. लोकांना ती लिंक व्हायरससारखी दिसते. शिवाय वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या या तुकड्याला दोनशे कॅरॅक्टरची मर्यादा आहे, म्हणजे मराठीची बाविसेक अक्षरं. लांब शीर्षक मधेच तुटतं. उपाय सोपा: शीर्षक मराठीत, पण पत्त्याचा तुकडा, म्हणजे स्लग, रोमन लिपीत स्वतः टाइप करायचा. लेख प्रसिद्ध करण्याआधी. नंतर बदललात तर जुनी लिंक नव्याकडे नीट वळते ना, म्हणजे रीडायरेक्ट होते ना, ते तपासावं लागतं.

फाँट: मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचे, किंवा नोटो सॅन्स देवनागरी. तिन्ही मोफत आहेत. फाँटची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा. इंग्रजीसाठी बनलेल्या थीममध्ये ओळींतलं अंतर कमी असतं, त्यामुळं रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात, ते १.६ च्या पुढं न्या. अक्षरांतलं अंतर वाढवणारं सेटिंग मात्र शून्यावरच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटून ‘घर विकणे आहे’ची माळ ओवलेली दिसते.

आणखी एक. छापखान्यातून आलेला मजकूर बरेचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. तो कॉपी करून चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. ‘श्री’ आणि ‘र्‍या’ हमखास बिघडतात.

५. महारेरा: ब्लॉगही जाहिरातच

‘मी फक्त माहिती दिलीय, जाहिरात कुठं केलीय?’ असं म्हणणारे एजंट मी पाहिलेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार रुंद आहे: कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही स्वरूपात केलेली प्रसिद्धी. नव्या प्रकल्पाबद्दल कौतुकानं लिहिलेला लेख, त्याखाली तुमचा नंबर, झाली जाहिरात.

म्हणून साइटच्या तळाशी, प्रत्येक पानावर, तुमचं नाव आणि महारेरा एजंट क्रमांक लिहा. प्रकल्पाबद्दलच्या प्रत्येक लेखात त्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक वरच्या भागात, फोन नंबरपेक्षा बारीक नसलेल्या अक्षरात द्या. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा झाला. तो बिल्डरकडून मागून घ्या आणि लेखात टाकण्याआधी स्वतःच्या फोननं स्कॅन करून बघा. मला एकदा बिल्डरच्या माणसानं पहिल्या फेजचा कोड दुसऱ्या फेजसाठी पाठवला होता. क्रमांकाची सुरुवातही बघायची सवय लावा: पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी प्रकल्पांचे क्रमांक ‘पी ५२१’नं सुरू होतात, ठाण्याचे ‘पी ५१७’नं. पुण्याचा प्रकल्प म्हणून ठाण्याचा क्रमांक आला तर कुठंतरी नक्कल करताना चूक झालीय.

प्री-लाँचबद्दल एक ओळसुद्धा लिहू नका. ‘लवकरच येत आहे’, ‘आत्ताच नाव नोंदवा’, काहीच नाही. नोंदणी न झालेल्या प्रकल्पाची विक्री करून देण्याला एजंटासाठी दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ऑफिसातल्या गप्पा हवेत विरतात. ब्लॉगवरचं मात्र तारखेसकट राहतं आणि स्क्रीनशॉट काढायला कुणालाही एक सेकंद लागतो.

क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच (फ्लॅटच्या आतली वापरायची जागा) लिहा. सुपर बिल्टअपचा (जिना-लॉबीचा वाटा धरून) आकडा मोठा दिसतो, पण तो लिहून नंतर सारवासारव करत बसू नका. जमिनीच्या लेखात गुंठा, आर, चौरस फूट यांची सरमिसळ होते, तेव्हा एक छोटा तक्ता कायम जोडा: एक गुंठा १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठे एक एकर, एक आर शंभर चौरस मीटर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असले तरी एक नव्हेत. खेड-शिवापूरकडच्या एका व्यवहारात त्या फरकावरून अर्धा तास वाद झाला, आणि तो तक्ता ब्लॉगवर आला तो त्या दिवसापासून.

६. लिहायचं काय?

‘पुण्यात गुंतवणुकीची सुवर्णसंधी’ हे नको. ते सगळेच लिहितात आणि कुणीच वाचत नाही. गेल्या महिन्यात तुम्हाला फोनवर तीनदा विचारलेला प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर लिहा. माझ्या साइटवर सर्वांत जास्त वाचलेला लेख आहे भाडेकरारावर किती मुद्रांक शुल्क लागतं याचा. त्यात मी एक हिशेब सोडवून दाखवलाय: भाडं महिना २०,००० रुपये, मुदत अकरा महिने, परत मिळणारं डिपॉझिट ६०,०००. एकूण भाडं २,२०,०००. डिपॉझिटवर दहा टक्के दरानं अकरा महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज २,२५,५००, तिच्यावर पाव टक्का, म्हणजे ५६४ रुपयांच्या आसपास. वर नोंदणी फी, शहरात १,००० रुपये. एवढंच. पण भाडेकरूला हेच हवं असतं, आणि करार नोंदवायची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे हे वाचून मालकही फोन करतात.

असे विषय तुमच्याकडे ढिगानं आहेत. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये काय बघायचं. जुन्या सोसायटीत कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करणं) झालं नसेल तर रीसेलला काय अडतं. एखाद्या रस्त्यावर उन्हाळ्यात टँकर येतात का. मराठीत हे नीट लिहिलेलं फार थोडं सापडतं, आणि परदेशात बसून आईवडिलांच्या फ्लॅटचा व्यवहार करणारी आपली मंडळी नेमकं हेच शोधत असतात. मला अशा चौकशा दुबईहून आणि न्यू जर्सीहून आल्यात, रात्री-अपरात्री.

आता यातला खड्डा. नियम बदलतात, लेख तसाच राहतो. करोनाकाळात राज्य सरकारनं १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची, आणि पुढं ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली होती. माझा त्यावरचा लेख गूगलवर वर आला आणि वरच राहिला. २०२२ मध्ये एक काका त्याची प्रिंट घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, “तुम्हीच लिहिलंय ना?” दुसरी गोष्ट, महिलांना घरखरेदीत मिळणारी एक टक्क्याची सवलत १ एप्रिल २०२१ ला आली तेव्हा पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती. ती अट २०२३ मध्ये निघाली. माझ्या लेखात ती पुढं कित्येक महिने होती.

तेव्हापासून दर, शुल्क किंवा नियम असलेल्या प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत ‘अमुक तारखेला तपासलं’ असं लिहितो, त्या लेखांना एक वेगळा टॅग लावतो आणि दर १ एप्रिलच्या आठवड्यात, रेडी रेकनरचं (सरकारी मूल्यदरांचं) वर्ष सुरू होतं तेव्हा, तो टॅग उघडून एकेक लेख तपासतो.

विकल्या गेलेल्या फ्लॅटचं पान काढून टाकू नका. वर ठळक ‘व्यवहार झाला’ लिहा, किंमत काढा, आणि खाली त्याच भागातल्या दुसऱ्या पर्यायांची लिंक द्या. विकलेला फ्लॅट उपलब्ध दाखवून फोन काढणारेही आहेत. त्यांचं नाव बाजारात काय आहे ते तुम्हाला माहीत आहेच.

७. फोटो

फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे बारा टाकले की साइट वारज्याच्या पुलावरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकसारखी चालते. रुंदी १,६०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या प्रकारात जतन करा, फोटो दोनशे केबीच्या आत बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर शेजारी चित्र दिसत नसेल तर बहुतेक वेळा मुख्य फोटोच जड असतो.

फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. मालकानं ‘फ्लॅट नंबर सांगू नका’ म्हटलेलं असतं आणि फोटो सगळं सांगून मोकळा होतो. टाकण्याआधी ती माहिती पुसा. दारावरची पाटी, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, उघडं कपाट, फ्रीजवर चिकटवलेलं विजेचं बिल, हे एकदा डोळ्यांखालून घाला. आणि इंडेक्स टू, करारनामा, आधार, पॅन यांची फाइल साइटवर कधीच चढवू नका, ‘लिंक कुणाला दिलेली नाही’ म्हणूनही नाही. वर्डप्रेसमध्ये चढवलेली फाइल पत्ता माहीत असणाऱ्या कुणालाही उघडता येते, आणि गूगलला ती सापडू शकते.

बिल्डरचे रंगवलेले फोटो लेखी परवानगीशिवाय वापरू नका, आणि वापरलेत तर ‘कल्पनाचित्र’ असं लिहा.

८. चौकशीचा फॉर्म आणि हरवलेले ईमेल

फॉर्म बसवला, स्वतः भरून बघितला, ईमेल आला, खूश. तीन आठवड्यांनी सहज स्पॅम उघडलं तर तिथं एकोणीस चौकशा. त्यातल्या दोघांनी तोवर घर घेतलं होतं, दुसऱ्याकडून.

कारण असं: वर्डप्रेस ईमेल थेट होस्टिंगच्या सर्व्हरवरून पाठवतं आणि जीमेलला त्या सर्व्हरचा भरवसा नसतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं पाठवणाऱ्यांचे नियम आणखी कडक केले. म्हणून एसएमटीपीचं प्लगिन लावून खऱ्या ईमेल सेवेतून पत्रं पाठवा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या, तीन नोंदी घाला. ईमेल सेवा त्या तयार करून देते, आपण फक्त चिकटवायच्या. शिवाय प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठेल असं फॉर्मचं प्लगिन निवडा. ईमेल हरवला तरी नोंद राहते.

फॉर्ममध्ये नाव, नंबर, बजेट, भाग, एवढंच विचारा. खाली एक ओळ: हा नंबर कशासाठी वापरणार आणि कुणाला देणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, संमती कशासाठी घेतली ते सांगण्याची तरतूद आहे. आलेला नंबर गृहकर्जवाल्याला ‘जरा बघा’ म्हणून ढकलायची आपल्या धंद्यातली जुनी सवय इथं महाग पडू शकते.

९. देखभाल

दर आठवड्याला, मंगळवारी किंवा बुधवारी, कधीच शुक्रवार-शनिवारी नाही: आधी बॅकअप, मग प्लगिन, मग थीम, मग वर्डप्रेस. शेवटी फोनवरून साइट उघडून फॉर्म भरून बघा. किंमत बदलल्यावर तुम्हाला नवी आणि गिऱ्हाइकाला जुनी दिसत असेल, तर कॅश रिकामी करा.

बॅकअपच्या तीन प्रती: एक होस्टिंगवर, एक गूगल ड्राइव्हवर, एक घरच्या हार्ड डिस्कवर. होस्टिंगवरची एकटी प्रत म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवणं. आणि परत बसवून न बघितलेला बॅकअप बॅकअप समजू नका. माझ्याकडे आठ महिन्यांच्या फाइल होत्या, डेटाबेस त्यात नव्हताच. म्हणजे फोटो सगळे, लेख शून्य.

मोठी साफसफाई मी पितृपक्षात करतो. त्या पंधरवड्यात टोकन द्यायला कुणी येत नाही, फोन शांत असतो. बॅकअप रिकाम्या जागी बसवून बघणं, तुटलेल्या लिंक शोधणं, न वापरलेली प्लगिन नुसती बंद न करता काढून टाकणं, जुन्या मदतनिसाचं लॉगिन काढणं, पासवर्ड बदलणं, सगळं तेव्हा. घटस्थापनेला साइट तयार असते आणि दसऱ्याच्या चौकशा नीट पोचतात.

साइट हॅक झालीच तर घाबरून एकेक फाइल साफ करत बसू नका. होस्टिंग कंपनीला कळवा, सगळे पासवर्ड बदला, हॅक होण्याआधीचा बॅकअप बसवा, लगेच सगळं अद्ययावत करा, आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या मोफत पानावर) इशारा आला असेल तर पुन्हा तपासणी मागा.

१०. लिफाफा

आपली बरीच ऑफिसं एका माणसाची असतात. डोमेनचं खातं, होस्टिंगचं खातं, तो जीमेल, दुहेरी पडताळणीचे राखीव कोड, नूतनीकरणाच्या तारखा आणि देखभालीच्या पायऱ्या एका कागदावर लिहा, लिफाफ्यात घाला आणि घरात जिथं विम्याचे कागद असतात तिथं ठेवा. बायकोला, भावाला, ज्याला सांगायचं त्याला सांगा. गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला आणि नेमकं त्याच आठवड्यात होस्टिंगचं बिल आलं. कार्ड बदललेलं होतं, पैसे गेले नाहीत. लिफाफा उघडून हिनं ते भरलं, आणि मग हॉस्पिटलात येऊन विचारलं, “कागदावर लिहिलेली ही ‘कॅश’ रिकामी करायची म्हणजे नेमकं काय, आपल्याकडे कॅश आहे कुठं?”